‘पाय पाळण्यात दिसतात’ : नव्या जनरल मॅनेजरला ही म्हण लागू पडते का?

तिसरा बाक
एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅम प्रेस्टीवर लेख लिहितोय. जून २००७ मध्ये, अवघा तीस वर्षांचा असताना, तो सिएटल सुपरसॉनिक्स या संघाचा जनरल मॅनेजर (खेळाडू कोणते घ्यायचे-द्यायचे हे ठरवणारा) झाला आणि महिना उलटायच्या आत त्याने रे अ‍ॅलनसारखा मोहरा बॉस्टनला देऊन टाकला. मी लिहिलं, ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’. संपादकांनी समासात सुचवलंय, ‘शितावरून भाताची परीक्षा’. यातलं बरोबर कोणतं? शिवाय ‘रिबिल्ड’साठी, म्हणजे नावाजलेले खेळाडू देऊन संघ नव्याने उभारण्यासाठी, ‘पुनर्बांधणी’ केलंय, ते चालेल ना?

पाटीपेन्सिल
शितावरून जी परीक्षा होते ती आत्ताची असते, भात शिजलाय की नाही एवढीच. पाळण्यातले पाय पुढचं सांगतात. पहिल्या महिन्यातल्या व्यवहारांवरून पाच वर्षांनंतरचा संघ ताडायचा असेल तर तुमची म्हण योग्य. एक मात्र आहे, ही म्हण बहुधा मागाहूनच सुचते. मूल नावारूपाला आलं (किंवा त्याने नाव घालवलं) की सगळ्यांनाच पाळणा आठवतो.

गच्चीवरून
‘पुनर्बांधणी’ला हरकत नाही, पण तो शब्द भूकंपानंतरचा वाटतो, म्हणजे पडझड आपोआप झालेली. इथे तर धडधाकट भिंती स्वतःच पाडायच्या असतात. अ‍ॅलन गेला, रशार्ड लुइस ऑरलँडोला गेला, आणि २००७-०८ मध्ये संघ २० जिंकला, ६२ हरला. हा आपला चाळीचा पुनर्विकास झाला. नकाशा झकास, रहिवासी संक्रमण शिबिरात. त्यातही सिएटलकरांचं नशीब असं की २००८ मध्ये संघच ओक्लाहोमा सिटीला हलवला गेला. भाडेकरू एका गावात, टॉवर दुसऱ्या गावात.

तिसरा बाक
स्थलांतर मालकांनी केलं, प्रेस्टीने नव्हे. पण ‘पुनर्विकास’ उचलतोय.

आडवा पास
म्हण ठेवा, पण पाय कुठले दाखवताय ते बघा. सगळे केव्हिन ड्युरांटचं नाव घेतात, जो पुढे मोठा तारा झाला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकाची निवड सोडतीत मे महिन्यातच सिएटलकडे आली होती, प्रेस्टी त्यानंतर रुजू झाला. पोर्टलंडने पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडनला घेतल्यावर ड्युरांट हे नाव कुणीही उच्चारलं असतं. त्यात व्यवस्थापकाची परीक्षा कसली?

खरे पाय दिसले जुलैत. करार संपलेल्या लुइसला नुसता जाऊ न देता त्याचा रीतसर ट्रेड केला, त्यामुळे पगाराच्या हिशोबात जागा उरली. फिनिक्सला जादा करामुळे (पगाराची मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला लीगकडे भरावा लागणारा) कर्ट थॉमस या खेळाडूचा पगार जड झाला होता. उरलेल्या जागेत प्रेस्टीने थॉमसला घेतलं, आणि त्याचं ओझं उतरवल्याबद्दल वर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे दोन पिकही (निवडीचे हक्क) घेतले, दिला फक्त दुसऱ्या फेरीचा एक. फेब्रुवारीत हाच थॉमस सॅन अँटोनियोला दिला आणि पहिल्या फेरीचा आणखी एक पिक मिळवला. फिनिक्सच्या त्या दोनपैकी एकातून २००८ मध्ये २४ व्या क्रमांकावर सर्ज इबाका आला. त्या वेळी वर्तमानपत्रांत याची बातमी दोन ओळींची. ‘दुसऱ्याच्या घाईचे पैसे करणे’ ही त्याची सवय तिथेच दिसते. २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सकडून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीचे पाच पिक घेतले, तेव्हाही हात तोच होता.

पाटीपेन्सिल
म्हणजे पाळण्यात यश दिसत नाही, खोड दिसते. म्हणीचा मूळ रोख तसाच आहे.

उलटतपासणी
मग सॅम हिंकीचं काय करायचं? मे २०१३ मध्ये फिलाडेल्फियात जनरल मॅनेजर म्हणून आला. पुढच्याच महिन्यात, ड्राफ्टच्या रात्री, ऑल-स्टार ज्रू हॉलिडे न्यू ऑर्लिन्सला दिला आणि गुडघा दुखावलेला नर्लेन्स नोएल व पुढच्या वर्षीचा पिक घेतला. प्रेस्टीचाच कित्ता. मोसम सुरू झाला तर पहिले तीनही सामने जिंकले, त्यात गतविजेत्या मायामीला धूळ चारली! शेवट १९-६३, मध्ये सलग २६ पराभव. २०१६ च्या एप्रिलमध्ये तेरा पानी पत्र लिहून राजीनामा. सांगा, पाय कोणते?

आडवा पास
ते तीन विजय पाय नव्हेत, दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट! फरक शोधायचाच तर पुढे आहे. प्रेस्टीचा संघ तिसऱ्या मोसमात ५०-३२ वर होता, हिंकीचा १०-७२ वर. पण पहिल्या रात्री दोघं सारखेच दिसत होते, हे कबूल करावंच लागेल.

गच्चीवरून
हिंकीच्या बाबतीत ‘मुद्दाम हरणे’ लिहू नका बरं का. खेळाडू जीव तोडून खेळत होते, संघच तोकडा ठेवलेला होता. ‘हार ओढवून घेणे’ म्हणा, म्हणजे कर्ता कार्यालयात बसतो, मैदानावर नाही.

तिसरा बाक
छान. ‘ट्रेड’ला काय?

पाटीपेन्सिल
ट्रेडच ठेवा. आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या ट्रेडने मुंबईत परतल्यापासून कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘अदलाबदल’ म्हटलं तर थॉमसच्या व्यवहारात बदली गेलं काय, असा प्रश्न येईल.

तिसरा बाक
वाक्य असं केलं : ‘प्रेस्टीचे पाय पाळण्यात दिसले, पण ते ड्युरांटच्या निवडीत नव्हे, कर्ट थॉमसच्या ट्रेडमध्ये.’

उलटतपासणी
‘दिसले’ नको, ‘दिसायला हवे होते’ करा. २००७ मध्ये कुणी पाहिले होते?