पावडर कोटिंग घरी की भोसरीला? ८००च्या रिमवरून वाद

लाल मारुती
१९९७ची मारुती ८०० उघडून बसलोय. रंगवायचं सामान: स्टेपनी धरून पाच रिम, बॅटरी ट्रे, टॅपेट कव्हर (इंजिनवरचं झाकण), दहा-बारा ब्रॅकेट आणि जमलं तर पुढच्या स्प्रिंगा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे हाणायला सोपं जाईल. पावडर कोटिंगला आपण उगाच देव्हाऱ्यात बसवलंय. रंगाची पूड, तिला विजेचा भार, अर्थिंग केलेल्या लोखंडाला ती चिकटते, २०० अंशांना वितळून एकजीव होते. संपलं. पूड उडवणारी छोटी गन, छोटा कॉम्प्रेसर आणि जुना ओटीजी (घरगुती बेकिंगचा ओव्हन) असला की झालं. १२ इंची रिम मोजली, कडेपासून कडेपर्यंत ३४ सेंटिमीटरच्या आसपास भरते. मोठ्या ओटीजीत तिरकी का होईना, बसेल.

मागच्या गाडीच्या वेळी बाहेर दिलं होतं (नाव सांगत नाही). नटांच्या भोकांत आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणाऱ्या पाठीवरसुद्धा पावडरचा जाड थर. नट आवळले की तो थर दबतो आणि चार दिवसांत नट ढिले. खडखड आली म्हणून कळलं, नाहीतर चाक खंबाटकी घाटात मिळालं असतं. पैसे देऊन हे मिळणार असेल तर घरी काय वाईट?

भोसरीचा बूथवाला
मी भोसरीला पावडर फवारायचा बूथ चालवतो, लोकांचा माल रंगवून देतो (जॉबवर्क), तेव्हा माझा स्वार्थ धरूनच वाचा.

फवारणी हे पाच-दहा मिनिटांचं काम, आणि तुम्ही हिशोब तेवढाच केलाय. तुमच्या रिमवर पंचवीस वर्षांचा गंज आहे आणि त्यावर कुणीतरी मारलेले दोन-तीन हात ड्युको रंग. ते कशाने काढणार? वायर ब्रशने? ब्रशने गंज चमकतो, निघत नाही. खड्ड्यांत बसलेला तसाच राहतो आणि पावडर त्याच्यावर छान झाकण घालते. वर्षभराने फोड येतात, नख लावलं की पापुद्रा हातात. आमच्याकडे आधी ब्लास्टिंग (जोरात कणांचा मारा करून गंज-रंग उडवणं), मग टाक्या: डीग्रीसिंग (तेलकटपणा काढणं), पाणी, डीरस्टिंग (ॲसिडने गंज काढणं), पाणी, फॉस्फेटिंग (रंग धरून ठेवणारा थर), पाणी, पॅसिव्हेशन (तो थर पक्का करणं). यालाच सगळे ७ टँक म्हणतात. खरं कोटिंग तिथेच होतं, गन हे नुसतं वरचं लिंपण.

दुसरं, ओटीजीचा काटा २०० दाखवतो ते आतल्या हवेचं. रिमचं लोखंड त्या तापमानाला यायला वेगळा वेळ लागतो, आणि साधारण १० मिनिटं मोजायची ती तिथून. वरची सळई लाल, खालची लाल, हवा फिरत नाही. तुमची तिरकी रिम एका बाजूला पिवळी पडेल आणि दुसऱ्या बाजूला कच्ची राहील. कच्ची पावडरही चकाकतेच, हीच गोम आहे. पहिला खडा लागला की कळतं.

स्पॅनर १०-११
बूथवाले, बरोबर बोललात, पण निम्मंच.

माझ्याकडे घरी गन आहे, दोन वर्षं झाली. का घेतली? सहा ब्रॅकेट आणि एक क्लॅम्प घेऊन एमआयडीसीत फिरलो होतो. "एवढ्याशा मालासाठी बूथ धुवायचा का? काळ्याचा लॉट लागला की टाकू." तीन आठवड्यांनी काळे झाले, मला राखाडी हवे होते. हँगरवर एका बाजूला कुणाच्या जाड जाळ्या, दुसऱ्या बाजूला माझी पातळ पत्र्याची पट्टी, ओव्हन एकच, वेळ एकच. तिथे धातूचं तापमान कोण बघत होतं?

घरी मी थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार भागाला बांधतो. लेझरचं थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटं बोलतं, त्याच्या नादी लागू नका. गार झाल्यावर थिनरचा बोळा घासतो. रंग मऊ पडला, बोळ्याला भरपूर लागला, की पुन्हा ओव्हनमध्ये.

चुकाही केल्या. पहिल्याच आठवड्यात एक पुली बेअरिंगसकट भाजली. ग्रीस वितळून पावडरीवर ओघळलं आणि घरभर असा वास की शेजारच्या आजी विचारायला आल्या, काय जळतंय.

सहज सुचलं
एकच प्रश्न. ओटीजी वेगळा आहे की नानकटाईचाच?

आणि दुसरा. अर्थिंग, अर्थिंग म्हणताय, आमच्या जुन्या इमारतीत तिसरी पिन शोभेची आहे. अर्थ नसेल तर पावडर धरत नाही हे सोडा, झटका कुणाला बसेल? शिवाय हवेत उडालेली बारीक पूड पेट घेते. पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा. स्वयंपाकघरात गॅस, बाल्कनीत गन, मध्ये तापलेली सळई... सोसायटीच्या सभेत तुमचा विषय अजेंड्यावर येईल.

मिशिगनकर
इकडे घराला जोडलेलं गॅरेज असतं, म्हणून हा छंद बऱ्याच जणांना आहे. मी जुना २४० व्होल्टचा किचन ओव्हन आणून गॅरेजमध्येच ठेवलाय, त्यात खाण्याचं काही जात नाही. मास्क साधा कापडी चालत नाही, फिल्टरचा हवा. पावडरीच्या डब्यावरचं वाचा. काही पॉलिएस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचा हार्डनर असतो, तो विषारी आहे.

लाल मारुती, तुमचं टॅपेट कव्हर ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर आधी नुसतं भाजून घ्या, पावडरीच्या तापमानापेक्षा थोडं जास्त. ओतकामाच्या छिद्रांत मुरलेलं तेल आणि हवा नेमकी बेकिंगच्या वेळी बाहेर येते आणि रंगावर सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. माझं पहिलं कव्हर चाळणी झालं होतं.

तरीही चाकं मी बाहेरच देतो. घरगुती गन १०-२५ किलोव्होल्टची, कारखान्यातली १०० पर्यंत जाते. खोलगट कोपऱ्यात पावडर जायला मुळातच नाखूश असते, ती कडेलाच चिकटते. माझ्या हलक्या गनने रिमच्या घळीत थर बसता बसत नाही. आणि रिम अलॉयची (ॲल्युमिनियमची) असेल तर अजून एक भानगड. तो धातू साधारण १५०-१७० अंशांवर बराच वेळ तापवून (एजिंग) कडक केलेला असतो. एकदा भाजला तर चालून जातं, पण रंग आवडला नाही म्हणून तीन-तीनदा काढून भाजणारे पाहिलेत, त्यांच्या गाडीत मी बसणार नाही.

अलिबागचा वारा
तुम्ही दोघं भांडताय, पण रिमला पावडर हवीच कशाला?

खाऱ्या हवेतला अनुभव सांगतो. पावडरीचा थर ६०-८० मायक्रॉनचा, कडक. खडा लागला की टवका उडतो आणि तिथून खारं पाणी थराखाली सरपटत जातं. वरून रंग शाबूत, खालून लोखंड खाल्लेलं. टचअप नीट होत नाही, अख्खी रिम पुन्हा उघडी करायची. त्यापेक्षा इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. दर दोन वर्षांनी अर्धा दिवस घालवा, जिथे गेलं तिथे मारा. आणि पावसाळ्यात ब्लास्टिंग केलेलं लोखंड आमच्याकडे चहा पिऊन येईपर्यंत तांबूस होतं. घरी करणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर हात जोडावेत.

लाल मारुती
सहज सुचलं, ओटीजी वेगळाच घेणार होतो. बायकोने तुमचा प्रश्न वाचला, आता घ्यावाच लागेल.

बरं, रिमचा हट्ट सोडतो. ३४ सेंटिमीटर ओटीजीत बसवलं तरी सळईपासून चार बोटं अंतर राहत नाही, पुठ्ठा कापून बघितलं. अलिबागकर, मी पुण्यात आहे, मला पावडर चालेल. ट्रे आणि ब्रॅकेट मात्र घरीच. ब्लास्टिंग तेवढं बाहेरून करून आणतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासलं, ठीक आहे.

पण बूथवाले, माझ्या मूळ तक्रारीला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. नटांच्या भोकांचं काय?

भोसरीचा बूथवाला
दिलं नाही, कारण तिथे आमची बाजू लंगडी आहे. आमच्याकडे दिवसभर पॅनेल आणि रॅक येतात. हेल्परला रिम म्हणजे एक गोल वस्तू, मास्किंगचं (कोरा ठेवायचा भाग झाकायचं) त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही येताना खडूने खुणा करून आणा: नटांच्या बैठका, मधलं भोक, हबला टेकणारी पाठ. सिलिकॉनचे प्लग आणि हिरवी टेप माझ्याकडे आहे, मी उभा राहून लावून घेईन. तरी गाडी ५० किलोमीटर चालली की नट एकदा पुन्हा आवळा.

स्प्रिंग आणणार असाल तर ती ॲसिडच्या टाकीत घालू देऊ नका, माझ्याकडेही नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग एक दिवस न सांगता तुटते. फक्त ब्लास्टिंग, मग पावडर. आणि शॉकअपपासून सुटी करूनच आणा. मागे एकाने अख्खा शॉकअप आणला होता, आतल्या तेलासकट ओव्हनमध्ये गेला असता, हँगरवर चढता चढता माझं लक्ष गेलं म्हणून वाचलो.

लाल मारुती
म्हणजे खुणा मी करायच्या, शेजारी उभं मी राहायचं, नट मी आवळायचे. मग प्रोफेशनल कोण?

स्पॅनर १०-११
जाणारच आहात तर माझे दोन लांब क्लॅम्प पण घेऊन जाता का? ओव्हनमध्ये बसत नाहीत. काळे चालतील.

भोसरीचा बूथवाला
आणा. गुरुवार सोडून या, गुरुवारी एमआयडीसी बंद.