७९५०एक्ससाठी वॉटर ब्लॉक कोणता घ्यावा? मे महिन्यात खोली ४१-४२ अंशांवर

रेंडरवाला_दर्यापूर

नमस्कार मंडळी. प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स, बोर्ड एएम५ सॉकेटचा. काम ब्लेंडर रेंडर आणि लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग, म्हणजे तीन-चार तास सलग सगळे कोर पूर्ण भाराखाली. वर टिनाचे छत, एसी नाही. कस्टम लूप (सुटे भाग जोडून पाण्याने थंड करायची व्यवस्था) करायचा आहे: ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, डी५ पंप, सुरुवातीला लूपमध्ये फक्त प्रोसेसर.

प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता पाण्याला देणारे ब्लॉक तीन निवडून ठेवले आहेत. हीटकिलर आयव्ही प्रो, साधे तांबे आणि काळे अ‍ॅसिटल (कडक प्लास्टिक) झाकण. ईके क्वांटम व्हेलॉसिटी, निकेल आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. आणि बायक्स्कीचा स्वस्तातला, तोही निकेल-अ‍ॅक्रिलिक.

तापमानात खरोखर किती फरक पडेल? तांबे घेऊ की निकेल? आणि आमच्याकडचे पाणी खारे, तर आरओचा जार चालेल का?

फिन_आणि_जेट, काटोल

तुमच्या खोलीत हे तिन्ही ब्लॉक पूर्ण ताकदीवर लावून पाहिले तर बहुधा तिन्ही वेळा आकडा ९५ च्या आसपासच दिसेल, आणि तुम्ही म्हणाल सगळे सारखेच. तसे नाही. ७९५०एक्स ९५ अंश गाठेपर्यंत किंवा पीपीटीची, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या एकूण विजेची, २३० वॉटची मर्यादा येईपर्यंत स्वतःच वेग वाढवत जातो. त्यामुळे ब्लॉक चांगला असला तर आधी मेगाहर्ट्झ वाढतात, तापमान तिथेच राहते.

तुलना करायचीच असेल तर बायोसमध्ये पीपीटी १४२ वॉटवर बांधा, पंप आणि पंख्यांचा वेग स्थिर ठेवा, अर्धा तास रेंडर चालू द्या. मग प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे नव्हे, लूपमधल्या पाण्याचे तापमान वजा करा. त्यासाठी जी १/४ आट्याचा सेन्सर-प्लग मिळतो, बोर्डाच्या दोन पिनांवर बसतो. पाणी ते प्रोसेसर हा फरक ब्लॉक, पेस्ट आणि बसवणुकीचा. हवा ते पाणी हा फरक रेडिएटर आणि पंख्यांचा. हे दोन आकडे वेगळे न करता लोक ब्लॉकला शिव्या देतात आणि दोष असतो धुळीने बुजलेल्या रेडिएटरचा.

असे मोजले तर तुमच्या यादीतल्या ब्लॉकमध्ये अंतर दोन-चार अंशांचे निघते. कारण अडथळा मुळात ब्लॉकच्या आतल्या बारीक पात्यांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये नाही. या चिपमध्ये कोर असलेले दोन तुकडे, प्रत्येकी साधारण ७० चौरस मिलिमीटरचे. एवढ्याशा जागेतून सगळी उष्णता बाहेर येते आणि वर एएम५ प्रोसेसरचे स्वतःचे धातूचे जाडजूड झाकण. ब्लॉक कितीही बारीक फिन्सचा आणा, त्या झाकणातून जेवढे येईल तेवढेच तो उचलणार.

म्हणून ब्लॉक घेताना मी आधी पाहीन की एएम५ साठी सरकवून बसवायची पट्टी मिळते का. ते दोन्ही तुकडे झाकणाच्या मधोमध नसून खालच्या कडेला, ग्राफिक्स कार्डाच्या खाचेकडे असतात. ब्लॉक तिकडे ५ ते ७ मिलिमीटर सरकला की एक ते तीन अंश मिळतात. ब्रँड बदलून जेवढे मिळते जवळपास तेवढेच, आणि पट्टीच्या भावात.

दुसरे, इनलेट-आउटलेट. या ब्लॉकमध्ये पाणी मधल्या जेट प्लेटच्या फटीतून सरळ फिन्सवर आपटते आणि दोन्हीकडे फाटते. नळ्या उलट जोडल्या तर लूप चालतो, गळत नाही, फक्त काही अंश जास्त दाखवतो. चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. ब्लॉकवरची खूण पाहूनच जोडा.

प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला १ लिटर पाणी १ अंशाने तापायला सुमारे ७० वॉट लागतात. २३० वॉटला १ लिटर प्रवाह असेल तर ब्लॉकमधून जाताना पाणी सव्वातीन अंशांनी तापेल, ४ लिटर असेल तर एका अंशाहून कमी. डी५ वर एक ब्लॉक आणि एक रेडिएटर असताना ३-४ लिटर आरामात मिळते. त्याच्या पुढे पंप फुल्ल पळवून आवाजच वाढतो.

निकेलचे म्हणाल तर थर काही मायक्रॉनचा, तापमानात फरक शून्य धरा. निकेलचा फायदा एवढाच की तांब्यासारखे काळवंडत नाही, आणि पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावायचे असेल तर ते तांब्यात मुरते, निकेलमध्ये नाही. तुमच्या जागेला मी तांबे-अ‍ॅसिटल म्हणेन. अ‍ॅक्रिलिक झाकणातून कचरा दिसतो हे खरे, पण फिटिंग थोडे जास्त आवळले की आट्यापासून तडा जातो, आणि कुणी स्पिरिटने पुसले तर सगळीकडे बारीक चिरा पडतात.

खारपाण_अकोट

पाण्याचे उत्तर देतो, कारण आपल्या पट्ट्यात ब्लॉकचा बळी पाणीच घेते.

बोअरचे किंवा विहिरीचे पाणी लूपमध्ये एक थेंबही नको. क्षार फिन्सवर बसतात आणि क्लोराइड निकेलखालच्या तांब्याला खाते. दोन फिन्समधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कितीतरी कमी असते, ती बुजायला वेळ लागत नाही. आरओच्या जारमध्येही टीडीएस (विरघळलेले क्षार) उरतोच, तोही नको. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा ५ लिटरचा कॅन मिळतो, तो आणा. मागताना "इन्व्हर्टरमध्ये टाकायचे पाणी" म्हणा. त्याच कपाटात अ‍ॅसिडच्याही बाटल्या असतात, लेबल वाचून घ्या. टीडीएस मीटर असेल तर आकडा शून्य ते दोन-तीनच्या आत यायला हवा.

नुसते डीएम पाणी ठेवले तर गंज आणि शेवाळ दोन्ही येतात. लूपसाठीचे, गंज-शेवाळ रोखणारे तयार कॉन्सन्ट्रेट बाटलीवरच्या प्रमाणात मिसळा. गाडीचा ग्लायकोल कूलंट १० टक्क्यांपर्यंत काही जण वापरतात, चालतो, पण इथिलीन ग्लायकोल गोड आणि विषारी असते. लेकरे आणि जनावरे असलेल्या घरात सांडलेले तसेच ठेवू नका. चांदीची तार किंवा तांब्याचा क्षार टाकून शेवाळ मारायचा जुना सल्ला निकेलच्या ब्लॉकला लागू करू नका, थर उडतो.

रेडिएटर नवा असला तरी आत डाख दिल्यानंतरचा फ्लक्स असतो. कोमट डीएम पाणी अर्धे भरून खळखळून हलवा आणि ओता, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. तीन-चार वेळा लागते. हे टाळले की तोच कचरा पहिल्या आठवड्यात जेट प्लेटवर गोळा होतो.

रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा तर नाही ना, हेही पाहा. तांब्याच्या ब्लॉकसोबत अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ते सडते आणि पांढरा चिखल ब्लॉकमध्ये येतो. फिटिंगच्या आट्यात पाहा: पितळ पिवळे दिसते, अ‍ॅल्युमिनियम पांढरे. वजनातही लगेच कळते. नळी काळी ईपीडीएम रबराची घ्या. पारदर्शक मऊ पीव्हीसीतून प्लास्टिसायझर सुटतो आणि फिन्सवर चिकट साय धरते.

टिनपत्रा, मूर्तिजापूर

राजेहो, एवढा खटाटोप कायले? बायोसमधी इको मोड १०५ लावा. पीपीटी २३० वरून १४२ वर येते, ८८ वॉट उष्णता सरळ गेली. रेंडरले थोडा टाइम जास्त लागन, पण दोन टॉवरचा मोठा एअर कूलर तेवढ्यासाठी पुरते. पंप नाई, पानी नाई, नळी नाई. गावात पंप बंद पडला तं कुरिअर येयपर्यंत मशीन बंद. हवेचा पंखा बिघडला तं तालुक्याले भेटते.

फिन_आणि_जेट, काटोल

टिनपत्रा भाऊंचे गणित बरोबर आहे आणि इको मोड लूप असला तरी लावाच. फक्त एअर कूलर कॅबिनेटच्या आतली हवा ओढतो. ग्राफिक्स कार्डही रेंडरला लागले की ती हवा ४२ ऐवजी ५० ची होते. रेडिएटर पुढच्या बाजूला लावून बाहेरची हवा ओढता येते, त्याचा मोठा फायदा तिथेच आहे. फक्त प्रोसेसरवर रेंडर होत असेल तर भाऊंचे ऐका, पैसे वाचवा.

रेंडरवाला_दर्यापूर

रेंडर प्रोसेसरसोबत कार्डावरही होते, म्हणून पुढे ३०० वॉटचे कार्डही लूपमध्ये आणायचे आहे. ३६० पुरेल का? आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा सरळ रेडिएटरवर मारली तर? नळ्या पीईटीजी प्लास्टिकच्या कडक घ्यायचा विचार होता, दिसायला छान दिसतात.

खारपाण_अकोट

पीईटीजी नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते आणि फिटिंगमधून सुटते.

हिशेब असा: पंखे मध्यम वेगात असताना दर १२० मिलिमीटरला सुमारे १०० वॉट धरले तर पाणी हवेपेक्षा १० अंश वर राहते. फक्त प्रोसेसर २३० वॉटवर असेल तर ३६० वर पाणी खोलीपेक्षा ७-८ अंश जास्त, म्हणजे ४२ ला ५०. कार्ड जोडले की ५३० वॉट, फरक १७-१८, पाणी ६०. डी५ पंपाचीही मर्यादा ६० चीच. म्हणून दोन्ही जोडायचे तर दुसरा ३६० हवाच, नाहीतर प्रोसेसर इको मोडवर ठेवून एक २४० तरी वाढवा. फिन्स विरळ असलेला रेडिएटर घ्या. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात धूळ-तुसाने दाट फिन्स महिन्यात बुजतात. ब्लोअरने आतून बाहेर, हवेच्या उलट दिशेने साफ करायचा.

कूलर खोली थंड करायला खुशाल लावा. मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा खोली दहा अंशांनी सहज उतरते. पण त्याचा झोत रेडिएटरवर नको. कूलरमधून खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात, फिन्सवर पांढरी खपली धरते आणि बोर्डावर बसली तर शॉर्ट. लूपमध्ये बर्फ किंवा माठाचे पाणी फिरवायची कल्पनाही सोडा. कूलर चालू असताना खोलीत दमटपणा असतो, गार ब्लॉकला बाहेरून घाम फुटतो.

फिन_आणि_जेट, काटोल

बसवताना: एएम५ ची मागची पट्टी काढू नका, सॉकेटची पकड तिच्यावरच असते. जुना एएम४ ब्लॉक स्वतःची मागची पट्टी मागत असेल तर तो इथे बसत नाही, भोके जुळत असली तरी. पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी आणि चार कोपऱ्यांकडे बारीक ठिपके. स्क्रू कर्णरेषेत, प्रत्येकी दोन-दोन फेरे. फिटिंग हाताने आवळायचे, पाना लावायचा नाही.

पाणी भरल्यावर बोर्डाला वीज देऊ नका. एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) २४ पिनी प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली की नुसता पंप चालतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर चालू द्या. सकाळी कागद कोरडे असतील तर प्लग बोर्डाला लावा.

ब्लॉक वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, उघडा. फिन्सच्या दिशेनेच जुना टूथब्रश फिरवा. तांबे असेल तर पांढरे व्हिनेगर डीएम पाण्यात मिसळून पाच-दहा मिनिटे चालते, निकेलला अजिबात नाही. ओ-रिंग खाचेतून वळली नाही ना हे झाकण लावायच्या आधी बोट फिरवून पाहा, आणि ब्लॉक मागवतानाच एक जादा ओ-रिंग मागवून ठेवा. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची मिळत नाही.