पेशवे दप्तरातले धान्यभाव अर्थशास्त्रज्ञाला देताना

प्रश्न: पुण्याच्या दप्तरातल्या मोडी हिशेबांवरून ज्वारीच्या भावांची तालिका करतोय. टीममधल्या अर्थशास्त्रज्ञाला वर्षवार आकडे हवेत. कुठे फसू?

मोडीवाचक: सनात. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन (अरबी संख्याशब्दांत लिहायची जुनी कालगणना) 1173. त्यात 599 मिळवा, 1772 येईल. पण हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून धरतात, म्हणून जानेवारीपासूनच्या नोंदींना 600 मिळवा. रकाना ‘1772-73’ असाच ठेवा.

आकडेमोड करणारा: भाव ‘रुपयास इतके शेर’ असा असतो, म्हणजे आकडा घटला की महागाई. आधी उलटा करा, म्हणजे ‘शेरास इतके रुपये’, मग सरासरी काढा. 10 शेर आणि 30 शेर यांची सरळ सरासरी 20. उलटून काढली आणि परत शेरांत आणली तर 15. हीच चूक सर्रास होते.

मोडीवाचक: मापही बघा. मण कुठे 12 पायलींचा, कुठे 16 चा. खंडी 20 मणांची, पण मणच बदलला तर काय उपयोग! मूळ माप वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं लिहा, किलो नंतर. रुपया चांदवडी की अंकुशी (तेव्हाची वेगवेगळी नाणी), बट्टा म्हणजे नाणं बदलताना लागणारी कसर किती, तेही. आणि सरकारी आकारणीचा दर बाजारभावात मिसळू नका.