३४ पोरांची ११ उरली, चुकतंय कुठे?

रविवारचा_मास्तर
आठ महिने झाले, शनिवार-रविवार सकाळी वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. फुकट, हौसेने. कॉलेजात खेळायचो, एवढीच माझी पात्रता. पहिल्या दिवशी ३४ जण आले होते, त्यात ९ मुली. परवा मोजले तर ११. मुलगी एकही नाही. उरलेले अकरा खरंच छान खेळतात, गेल्या महिन्यात चषकही आणला. ज्या संस्थेसाठी हे करतो ती खूश आहे. पण त्याच सामन्यानंतर आमच्या सगळ्यात चपळ पोराने समोरच्या गोलकीपरच्या पाण्याच्या बाटलीत माती टाकली. बाकीचे दहा हसले. मी शिट्टी तोंडात धरून नुसता उभा. ओरडायचं तरी काय? अशा कामाचा कुणाला अनुभव असेल तर सांगा, माझं चुकतंय कुठे?

तिरकस
खेळाने पोरं सुधारतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? दांडगाई शिकायलाही मैदानासारखी जागा नाही. तुम्ही जिंकायला शिकवलंत, ती शिकली.
(राग मानू नका. मीही तीन वर्षं अशाच एका संघात बारावा होतो. बाटल्या भरायचं काम माझ्याकडे.)

शिट्टीवाली
तिरकस यांनी कंसात टाकलंय तेच खरं उत्तर. मास्तर, २३ मुलं गळली म्हणता, ती तुम्हीच गाळलीत. चषकासाठी संघ निवडलात ना? ज्याला सलग चार रविवार बाकावर बसवलं तो पाचव्या रविवारी कशाला येईल? मी चौदा वर्षं हेच काम करते, आणि पहिली दोन वर्षं हेच पाप केलं.

मुलींचं वेगळं. त्या का येईनात हे त्यांच्या घरी जाऊन विचारलंत का? मी विचारलं, तर धाकटी भावंडं सांभाळायला घरी दुसरं कुणी नव्हतं. मग मैदानाच्या कडेला सतरंजी टाकली आणि म्हटलं, भावंडांना घेऊनच या. पाळीपाळीने एक मुलगी सतरंजीवर बसायची, बाकीच्या खेळायच्या. दोनदा रांगत्या बाळाने सामना थांबवला. पण सहांपैकी चार मुली परत आल्या.

बाटलीतल्या मातीवर भाषणाचा उपयोग नाही, गुणतक्ता बदला. नैरोबीतल्या माथारे वस्तीत १९८७ पासून माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन काम करते. त्यांच्या लीगमध्ये वस्तीच्या सफाईचेही गुण मिळतात, सामन्याच्या गुणांबरोबरच मोजले जातात. त्यामुळे खेळात यथातथा पण घमेलं उचलणारा पोरगाही संघाला हवासा वाटतो.

दुसरं, फुटबॉल-थ्री. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वयंगोल झाला आणि घरी परतल्यावर काही दिवसांतच मेदेयीनमध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर त्याच शहरात या खेळाची सुरुवात झाली. मुलं-मुली एकाच संघात, पंच नाही. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, आणि शेवटी पुन्हा बसून एकमेकांच्या वागण्याला गुण देतात. मेदेयीनमध्ये तर पहिला गोल मुलीनेच करायचा असा नियम होता.

तिरकस
सामना संपल्यावर रिंगण करून बसायचं? पोरं जांभया देतील.

शिट्टीवाली
देतात की. पहिले चार आठवडे. मोठ्यांनी तोंड उघडलं तर पाचव्यालाही.

रविवारचा_मास्तर
तीन आठवड्यांनी लिहितोय. घरोघरी गेलो. पाच मुली आल्या, सतरंजीवर तीन लहानगी. गुणांचं अजून जमलेलं नाही, सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन मोकळे होतात. पण पहिला गोल मुलीचा, हा नियम लावला. पहिला रविवार ०-०. पोरांनी मुलींकडे एक पास दिला नाही, आणि स्वतः मारलेले गोल तर धरायचे नाहीत. नुसता वैताग. दुसऱ्या रविवारी पाहतो तर तो बाटलीवाला एका मुलीला कोपऱ्यात घेऊन पायाच्या आतल्या बाजूने कसं मारायचं ते दाखवतोय. खाली बसून, तिचा घोटा वळवून. हेतू निव्वळ स्वार्थाचा, तिने गोल केल्याशिवाय याचा धरला जाणार नव्हता. तिचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. काल मात्र आत गेला.

आता संस्थेची अडचण. अहवालात एकच रकाना आहे, 'मिळालेली बक्षिसे'. तिथे काय भरू?

शिट्टीवाली
शून्य भरा. सोबत हजेरीवही जोडा, ३४ पासूनची, गळती न लपवता. दर महिन्याला कोण आलं, कोण का थांबलं, कोण परत आलं. मी तेच पाठवते. एका वर्षी पैसे अडले, पुढच्या वर्षी त्यांनीच रकाना वाढवला.

आणि बुटांचं विचारायचं राहिलं. किती जणांकडे आहेत? आमच्या एका पोराला मामाने खिळ्यांचे बूट दिले, तर आठवडाभरात बाकीचे चेंडूला पाय लावायला घाबरू लागले, त्याच्या टाचेखाली अनवाणी बोटं येत होती. आता आमच्याकडे सरसकट अनवाणी. मैदान आधी झाडून घ्यावं लागतं, काचा निघतात.