मदत हवी आहे: अनुदान प्रकल्पाचं, राबणं बी.एस्सी.च्या मुलांचं, पेपरवर नाव कुणाचं?

परीक्षानळी

नमस्कार मंडळी. इथे बरेच प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारे वावरतात म्हणून विचारतेय. थोडं लांबेल. कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं नाव घेणार नाही. कुणी ओळखलंच तर कृपा करून इथे लिहू नका.

मी सोलापुरात एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दीड वर्षापूर्वी बाहेरच्या एका विद्यापीठातल्या विभागासोबत आम्हाला संयुक्त प्रकल्प मिळाला. मुख्य संशोधक तिकडचे सर, मी सहसंशोधक. विषय: डाळिंबाच्या सालीने पाण्यातला रंग शोषून घेणं. आपल्याकडे साल आणि रंगाचं पाणी, दोन्ही फुकट. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला, चादरी-टॉवेलचे कारखाने अक्कलकोट रोडला आणि ज्यूसवाले गल्लोगल्ली. प्रस्तावात 'पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचं प्रशिक्षण' असं एक कलम होतं. आमचं कॉलेज प्रकल्पात शिरलं ते बहुधा त्या कलमाच्या जोरावर.

गेल्या फेब्रुवारीत दुसऱ्या वर्षाची तीन मुलं घेतली, आता ती तिसऱ्या वर्षाला आहेत. अक्कलकोटहून एसटीने येणारी मुलगी, वसतिगृहातला एक मुलगा आणि पूर्व भागातला एक, त्याला इथे श्री म्हणते. घरी तेलुगू, वडील मागावर, मामा डाईंगमध्ये. पहिले दोन-तीन महिने यांनी साल वाळवली, दळली, चाळली, बाटल्या धुतल्या, दुसरं काही नाही. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राला वाहतं थंड पाणी लागतं आणि आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यामुळे प्रयोग कधी करायचा ते महानगरपालिका ठरवायची. मे महिन्यात वहीत 'खोलीचं तापमान' लिहायची वेळ आली तेव्हा खोली 38 अंशांवर होती. पुस्तकात 25 असतं म्हणून मुलं ते लिहून मोकळी होतील असं वाटलं होतं. त्यांनी 38 लिहिलं. तेव्हाच मला कळलं की यांच्याकडून काम होणार.

मिथिलिन ब्लू या प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगावर निकाल देखणे आले. 664 नॅनोमीटर तरंगलांबीला रीडिंग, नव्वद टक्क्यांच्या वर रंग गायब. तिकडचे सर खूश.

मग श्री म्हणाला, "मॅडम, पण हा रंग चादरीला लावतंय कोण?"

मी गप्प. सुताला रंग बसवायला आपल्याकडे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. मिथिलिन ब्लूचा भार धन आणि सालीच्या पृष्ठभागाचा ऋण, म्हणून तो पटकन चिकटतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा भारच ऋण, तो कशाला चिकटेल? हे मी वर्गात शिकवते. प्रस्ताव लिहिताना सोयीस्करपणे विसरले होते.

जानेवारीत तो मामाकडून दोन लिटर पाणी घेऊन आला. पीएच साडेदहा, मीठ विचारू नका. साल टाकली, दोन तास हलवलं, गाळलं, तर पाणी आधीपेक्षा गडद! रंग काढायला पाठवलेली साल स्वतःचाच रंग सोडून परत आली. सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं, अल्कलीत ते सुटतं आणि पाणी तपकिरी होतं. पोरं हसून बेजार झाली. श्री मात्र हसला नाही. गड्ड्याच्या सुट्टीत सगळं गाव यात्रेत असताना हा प्रयोगशाळेत, तेच पाणी वेगवेगळ्या पीएचला आणून बघत होता. पीएच 3च्या आसपास आणलं की थोडा रंग निघतो. पण एवढ्या पाण्याला तेवढं आम्ल कोण घालणार?

मला हे सगळ्यात चांगलं काम वाटलं. तिकडच्या सरांना फोन केला. ते चिडले नाहीत, उलट गोड बोलले: "हा वेगळा विषय झाला, यात नको. मिथिलिन ब्लूचा डेटा स्वच्छ आहे, तेवढाच लिहू. मुलांचे ऋणनिर्देशात आभार मानू." पहिलं नाव त्यांच्या रिसर्च फेलोचं, मग सर, मग मी. त्या फेलोने सालीचे एफटीआयआर (इन्फ्रारेड आलेख) आणि सूक्ष्मदर्शकाचे फोटो काढले आहेत, चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण रीडिंगच्या चार वह्या माझ्या मुलांच्या अक्षरात आहेत.

माझेही हात स्वच्छ नाहीत. पदोन्नतीसाठी मला पेपर हवाय. आणि गेल्या वर्षीच्या अहवालात 'तीन विद्यार्थी प्रशिक्षित' असं मीच लिहिलंय, तेव्हा ते फक्त साल चाळत होते.

तर विचारायचंय ते हे. मुलांची नावं लेखकांत हवीत असं म्हणायला मला काही आधार आहे का, की ही नुसती भावना? न चाललेला प्रयोग पेपरात टाकायचा आग्रह धरावा का? आणि मुलांना काही पैसे देता येतात का? मंजुरीत पदवीच्या मुलांसाठी मानधनाचं हेडच (खर्चाचं सदर) नाही. अक्कलकोटच्या मुलीचं एसटीचं भाडं मी खिशातून देते, तेही तिला खोटं सांगून की प्रकल्पातून मिळतंय.

एप्रिलमध्ये मुलांची परीक्षा, माझे आठवड्याचे 16 तास आहेतच. वेळ फार नाही.

निवृत्तमास्तर

ताई, आधार आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोण याच्या चार अटी घातल्यात, आणि त्या वैद्यकाबाहेरही मानतात. कल्पना, आखणी, डेटा मिळवणं किंवा त्याचा अर्थ लावणं यात भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा गांभीर्याने तपासणं. अंतिम मसुद्याला संमती. आणि कामाची जबाबदारी. आता गंमत बघा. लोक म्हणतात, पोरांनी मसुदा कुठे लिहिला? पण त्याच नियमात पुढे म्हटलंय की पहिली अट पुरी करणाऱ्याला बाकीच्यांची संधी दिली पाहिजे. मसुदा दाखवायचाच नाही आणि मग लिहिला नाही म्हणून नाव गाळायचं, हे चालत नाही. आणि नुसतं अनुदान आणलं म्हणूनही कुणी लेखक होत नाही. हे वाक्य फोनवर म्हणू नका, मनात ठेवा.

मुलांना मसुद्याचा एकेक तुकडा लिहायला द्या. इंग्रजी कच्चं असेल तर मराठीत लिहू देत, मग शेजारी बसून करा. सगळं ईमेलवर, फोनवर काही नाही. बरीच नियतकालिकं आता कुणी काय केलं ते 14 भूमिकांमध्ये मागतात. तो तक्ता तुम्हीच भरून सरांना पाठवा, 'चुकलं असल्यास दुरुस्त करावं ही विनंती' असं लिहून. माणूस ऋणनिर्देशातलं नाव सहज लिहितो, पण तक्त्यात 'प्रयोग' या रकान्यासमोर खोटं नाव लिहायला हात अडखळतो.

कीर्दखतावणी

मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, प्रकल्पांचे हिशेब माझ्याकडे असतात. पैशांबद्दल सांगतो.

मंजुरीत हेड नाही म्हणजे मानधन नाही. कंटिन्जन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या हेडातून, 'मदतनीस' दाखवून व्हाउचर करायचा सल्ला कुणीतरी देईलच, ऐकू नका. उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-एच्या नमुन्यात जातं, खाली सही तुमच्या प्राचार्यांची असते, लेखापरीक्षणात अडकतात ते. सरळ रस्ता असा: अनुदान देणाऱ्या संस्थेला मुख्य संशोधकामार्फत पत्र, की अमुक हेडातली शिल्लक तमुक हेडाला वळवायला पूर्वपरवानगी द्यावी. खर्च आधी आणि परवानगी मग, असं करू नका. प्रवासाचं हेड असेल तर नमुने गोळा करण्याचा प्रवास त्यात बसतो का ते मंजुरीपत्रात बघा. कॉलेजला रोज येण्याचं भाडं मात्र त्यात बसणार नाही. एसटीचा विद्यार्थी पास काढलाय का मुलीने?

आणि मॅडम, खिशातून देताय ते थांबवा असं नाही म्हणत. पण तिला खरं सांगा. उद्या ती ऑफिसात येऊन मलाच विचारेल, प्रकल्पाचं भाडं कधी जमा होणार.

ऋणनिर्देशातला

मी तो मुलगा होतो. दुसऱ्या जिल्ह्यात, दुसरा विषय. आभारात नाव आलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने. आईला दाखवायला प्रिंट काढली होती, दाखवली नाही.

कडकभाकरी

नाव-बिव नंतर बघू. आधी सांगा, ब्लँक घेतलं होतं का? साडेदहा पीएचचं साधं पाणी, त्यात तेवढंच मीठ, तेवढीच साल, रंग नाही. ते नसेल तर 'सालीने रंग सोडला' हे तुमचं म्हणणं, सिद्ध काही नाही. आणि एकाच तरंगलांबीला मोजलंत का? टॅनिन आणि रंग दोघांचं शोषण एकमेकांवर चढतं. पूर्ण स्पेक्ट्रम काढा.

हे असेल तर न चाललेला प्रयोग हा वेगळा विषय नाही, तोच विषय आहे. मिथिलिन ब्लू आणि फळांच्या सालींवर पेपरांचा ढीग पडलाय. खऱ्या कारखान्याच्या पाण्यात काय होतं ते लिहिणारे कमी. परीक्षकाला हेच वाचायला आवडेल.

न चाललेलं छापायची घाई झाली म्हणून पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. यूजीसीने दर्जेदार नियतकालिकांची केअर यादीही 2025मध्ये बंद केली, आता पारख आपली आपणच करायची.

पूर्वभाग

मॅडम, आमच्या घरचंच डाईंग होतं, आता बंद केलं. तुमचा तो पोरगा बरोबर बोलला की ओ. सुतावर रंग चढावा म्हणून मीठ घालतात आणि पक्का बसावा म्हणून सोडा. बसला नाही तो रंग, मीठ, सोडा, सगळं त्या पाण्यात. शिवाय पहिल्या धुण्याचं पाणी वेगळं, साबणाच्या धुण्याचं वेगळं. तुम्ही कुठलं घेतलं? दोन लिटर एकदाच आणलं तर त्या दिवशी कुठला रंग चालू होता त्यावर सगळं. डाळिंबाच्या सालीने तर पूर्वी कापड रंगवायचे, ती रंग सोडणारच! आमच्या आजीला विचारलं असतं तर प्रकल्प लागला नसता.

पण माझं बोलणं वेगळं आहे. पाणी मामाने दिलं, मालकाला विचारून दिलं का? पेपरात अक्कलकोट रोडवरचं अमुक युनिट असं छापलं, आणि प्रदूषण मंडळाचा माणूस किंवा पत्रकार तो धरून आला, तर मालक कुणाला धरेल? मामाला. नाव लावायच्या नादात पोराच्या घरातली नोकरी जाऊ देऊ नका.

परीक्षानळी

@पूर्वभाग, रात्री झोप लागली नाही तुमचं वाचून. मालकांना विचारलं नव्हतं. मी श्रीलाही कधी विचारलं नाही की पाणी कसं आणलंस. आज विचारलं, तर म्हणाला, "मामानं सुट्टी व्हायच्या वेळी डब्यात भरून दिलं." म्हणजे ते पाणी पेपरात नाही, निदान तसं नाही. मालकांची लेखी परवानगी घ्यायची, युनिटचं नाव कुठेही न देण्याच्या अटीवर. नाही मिळाली तर प्रयोगशाळेतच मीठ, सोडा आणि बाजारातला रिअ‍ॅक्टिव्ह रंग घेऊन तसं पाणी बनवायचं.

@कडकभाकरी, ब्लँक मी सांगितलं नव्हतं. श्रीच्या वहीत बघितलं, 17 जानेवारीला त्याने घेतलंय. फक्त मीठ घातलं नव्हतं. ते परत करावं लागेल.

@निवृत्तमास्तर, तक्ता भरून काल सरांना पाठवला. 'प्रयोग' समोर तिघांची नावं आणि फेलोचं. त्या फेलोचा आधी मेसेज आला: "मॅडम, माझी हरकत नाही, मलाही पहिल्या प्रकल्पात असंच झालं होतं." सरांचं उत्तर एका ओळीचं: "सोमवारी बोलू."

@कीर्दखतावणी, मुलीला खरं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. आता पासाचा फॉर्म भरलाय.

निवृत्तमास्तर

सोमवारी बोला, पण बोलणं झालं की 'आपण असं ठरवलं' म्हणून लगेच मेल टाका. पुढच्या प्रकल्पाला हे सगळं सामंजस्य करारातच लिहून घ्या, पहिल्या दिवशी कुणाचं भांडण नसतं.

मुलांसाठी आणखी दोन गोष्टी. आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा 2006 पासून चालू आहे, त्यात पदवीचा वेगळा गट असतो. तिथे मुलं स्वतः उभी राहून बोलतात, नाव गाळायची सोयच नाही. यांना आता उशीर झाला, पण चौथं वर्ष केलं तर जमेल. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात आणि 12 क्रेडिटचा प्रबंध असतो, श्रीचा विषय तयारच आहे. दुसरं, तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप. ती विद्यार्थ्यांना मिळते तशी शिक्षकांनाही मिळते. यंदाची मुदत गेली असणार, पुढच्या वेळी मुलीला अर्ज करायला लावा आणि स्वतःही करा. दोन महिने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवून बघा.

परीक्षानळी

बघते सर, धुवायची सवय आहेच.

सोमवारी 40 मिनिटं बोलणं झालं. तिघांची नावं येतील, चौथी-पाचवी-सहावी. पहिल्या नावाचं सरांनी सोडलं नाही आणि मीही तिथे ताणलं नाही. कारखान्याच्या पाण्याबद्दल म्हणाले, ब्लँकचे आकडे तीनदा सारखे आले तर वेगळा विभाग करू, नाहीतर नाही. हे मला रास्त वाटलं.

उद्या सकाळी आठला नळाला पाणी येणार आहे, मुलं साडेसातला येतायत. अडचण एवढीच की सालीचा बारीक गाळ फिल्टर पेपरातून उतरतो आणि रीडिंग हलतं. गरगर फिरवून गाळ तळाला बसवणारा आमचा सेंट्रिफ्यूज बिघडलाय. सोलापुरात कुणाच्या कॉलेजात चालू असेल आणि दोन तास वापरू देत असतील तर व्यक्तिगत निरोप करा. नळ्या आमच्या आम्ही आणू.