'लक्षात आलं की तो म्हणाला नव्हता की...' : दोन 'की'चं काय करायचं?

उपशीर्षक
मंडळी, एका इंग्रजी मालिकेची मराठी उपशीर्षकं (सबटायटल्स) करताना एक वाक्य अडलंय. बाई मैत्रिणीला सांगते आहे : 'अँड आय रिअलाइज्ड ही हॅड नेव्हर सेड ही वॉज मॅरीड.' सरळ मराठी केलं तर 'आणि माझ्या लक्षात आलं की तो कधी म्हणाला नव्हता की त्याचं लग्न झालं होतं.' व्याकरणात बसतं, पण असं कुणी बोलत नाही. इंग्रजीत दोन्ही ठिकाणचं 'दॅट' गाळलंय आणि वाक्य हलकं झालंय. मराठीत 'की' कसा गाळायचा? जागाही कमी आहे. ओळीला ४२ अक्षरं, ओळी दोनच. शिवाय सॉफ्टवेअर काना-मात्रा आणि हलन्त सुटे मोजतं, त्यामुळे 'म्हणाला'ची सात अक्षरं होतात.

मोडीवाचक
'की'चं नंतर पाहू. पहिली चूक 'झालं होतं' ही आहे. मुख्य क्रियापद भूतकाळी असलं की इंग्रजी आतल्या वाक्याचा काळही मागे ढकलते, म्हणून 'ही वॉज मॅरीड'. मराठी असं करत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडचा काळ तसाच ठेवते. 'तो म्हणाला की तो आजारी होता' हे मराठीत वाचलं तर आजार आधी होता, आता बरा आहे, असा अर्थ होतो. 'झालं होतं' लिहिलंत तर प्रेक्षकाला वाटेल, घटस्फोट झालाय किंवा बायको वारलीय. 'झालंय' लिहा. भाषांतरित बातम्यांमध्ये ही चूक रोज दिसते.

पागोळी
आणि आतलं वाक्य आधी घ्या. 'असं' आलं की 'की' लागत नाही : 'आपलं लग्न झालंय असं तो कधी म्हणालाच नव्हता.' मराठीचा स्वाभाविक क्रम हाच आहे. सांगितलेलं आधी येतं, सांगणारा मागून. 'की' लावून पुढे लोंबणारी वाक्यं शाळेतल्या इंग्रजीच्या सवयीनं वाढली आहेत.

अर्धविराम
पागोळीताई, 'असं' बरोबर, पण 'आपलं' इथे गोत्यात आणेल. 'आपण आजारी आहोत असं तो म्हणाला' यात 'आपण' म्हणजे तो, हे ठीक. पण हे वाक्य एक बाई दुसरीला सांगते आहे आणि वर 'माझ्या लक्षात आलं' आहे. 'माझ्या लक्षात आलं, आपलं लग्न झालंय असं...' इथवर वाचणाऱ्याला बाईचंच लग्न वाटतं, नाहीतर दोघींचं. उपशीर्षक वाचणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. 'स्वतःचं' लिहा, नाहीतर सर्वनामच काढून टाका : 'लग्न झाल्याचं त्यानं कधी सांगितलंच नव्हतं.'

क्रियापद बदललंय तेही मुद्दाम. 'म्हणणे'ला शब्द लागतात, 'सांगणे'ला ऐकणारा लागतो. इथे त्यानं माहिती दडवली आहे, म्हणून 'सांगितलं'. इंग्रजीचं 'से' या दोन्हींच्या जागी येतं. 'टेल' मात्र ऐकणाऱ्याशिवाय सहसा उभं राहत नाही : 'ही टोल्ड मी', पण 'ही सेड टू मी'. 'एक्स्प्लेन मी' चुकतं तेही याचमुळे, कारण 'एक्स्प्लेन' 'से'च्या गोटातलं आहे.

पागोळी
'झाल्याचं', 'असल्याचं' ही वर्तमानपत्री मराठी झाली. 'पाऊस पडणार असल्याचे त्यांनी सांगितले.' घरात कोण बोलतं असं?

अर्धविराम
'असल्याचं' बातमीतलं, मान्य. पण 'तो आल्याचं कळलं', 'पैसे दिल्याचं आठवत नाही' हे घरातलंच आहे. त्याची मर्यादा वेगळी आहे. त्यात आज्ञा किंवा प्रश्न मावत नाही. 'थांब म्हणाला', 'कुठे निघालीस म्हणून विचारलं' यांचं '-ल्याचं' होत नाही.

ओसरी
मूळ प्रश्न 'दॅट' गाळण्याचा होता, म्हणून थोडं इंग्रजीबद्दल. ते हवं तिथे गाळता येत नाही. 'से', 'थिंक', 'नो' यांच्यामागे बोलताना सर्रास गळतं. 'व्हिस्पर' (कुजबुजणे), 'मटर' (पुटपुटणे) अशा, कसं बोलला ते सांगणाऱ्या क्रियापदांमागे ते ठेवण्याकडे कल असतो. क्रियापद आणि वाक्य यांच्यात वेळ दाखवणारा शब्द घुसला तर ते ठेवावं लागतं. 'ही सेड मंडे ही वुड रिझाइन' यात सोमवारी म्हणाला की सोमवारी राजीनामा देणार, ते कळत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका अशा ठिकाणी 'दॅट' घालायलाच सांगते.

'रिअलाइज' तर जास्तच फसवं आहे. त्यामागे नुसतं नामही चालतं. 'ही रिअलाइज्ड हिज मिस्टेक...' इथवर वाचलं की चूक उमगली असं वाटतं, आणि पुढे येतं '...वुड नेव्हर बी फाउंड', म्हणजे चूक कधी सापडणारच नाही हे उमगलं. 'दॅट' असतं तर ठेच लागली नसती. 'से'मागे असं नाम क्वचित येतं, म्हणून तिथे गाळणं सुरक्षित.

मोडीवाचक
पागोळीताईंनी 'की'ला शाळेतल्या इंग्रजीचं म्हटलं, ते पटत नाही. 'की' इंग्रज यायच्या कितीतरी आधीचा आहे. तो फारसीतून आला.

पागोळी
'कीं' ज्ञानेश्वरीत आहे! शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. संस्कृत 'किम्' सरळ समोर दिसत असताना फारसीकडे का जायचं?

मोडीवाचक
ज्ञानेश्वरीतला 'कीं' 'किंवा', 'जणू' या अर्थाचा. उपमांच्या माळेत येतो तो. 'म्हणाला की' मधला 'की' वाक्य जोडतो, आणि हे काम फारसीतला 'कि' हुबेहूब करतो. जुनी मराठी हे काम 'जे'कडून करवून घ्यायची. शिवकालीन पत्रांचा ठरलेला मायना पाहा : 'यांसी आज्ञा केली ऐसीजे'. 'ऐसी' अधिक 'जे', आणि पुढे आज्ञेचा मजकूर. 'जे' मागे पडला आणि त्याची जागा 'की'नं घेतली.

पागोळी
मग 'जे' परत आणावा, निदान 'असं' तरी वापरावं. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या शिवाजी महाराजांची भाषा आहे ही.

मोडीवाचक
राज्यव्यवहारकोशात राज्यकारभारातली नामं बदलली. नाम बदलता येतं, 'तारीख'ऐवजी 'दिनांक' चालतो. पण अव्यय वाक्याच्या सांध्यात बसलेलं असतं. ते उपटलं तर सगळं वाक्य पुन्हा जुळवावं लागतं.

खाडीकाठ
या भांडणात 'म्हणून' विसरलात. 'येतो म्हणून सांगितलं' यात 'की' नाही, 'असं' नाही, म्हणण्याच्याच क्रियापदानं वाक्य जोडलंय. कोकणीत 'तो येतलो म्हूण ताणें सांगलें'. कन्नडात 'बरुत्तेने अंत हेळिद', तिथला 'अंत'ही म्हणण्याच्याच धातूचा. दख्खनी उर्दूत त्याच साच्याचं 'बोलके'. संस्कृतात हे काम 'इति' करतं. वाक्य संपल्यावर खुंटी मारायची ही दख्खनची जुनी रीत आहे. इंग्रजीचं 'दॅट' मुळात 'ते' दाखवणारं सर्वनाम, म्हणजे आपल्या 'असं'चा सोयरा, फक्त पुढे उभा राहणारा.

उपशीर्षक
छान माहिती मिळतेय, पण माझं वाक्य अजून अर्धंच सुटलंय. 'रिअलाइज्ड'ला 'लक्षात आलं'च ठेवू? आणि याच बाईच्या तोंडी पुढे दोनदा 'आय वॉज लाइक' आहे.

अर्धविराम
'कळलं' म्हणजे बाहेरून माहिती मिळाली. 'जाणवलं' म्हणजे मनाला लागलं, पुरावा नसेलही. 'उमगलं' खोल आणि जरा पुस्तकी. 'कळून चुकलं' म्हणजे उशीर झाला, आता इलाज नाही. तुमची बाई मागचं आठवून ताळा जुळवते आहे, म्हणून 'लक्षात आलं'. 'मला रिअलाइज झालं' टाळा. व्याकरणानं ते मराठीच आहे, 'मला' लागतंच, पण मग भाषांतर कशाला केलं?

'समजणे' मात्र जपून. 'मला समजलं, तू येणार नाहीस' ही खरी बातमी. 'मी समजलो, तू येणार नाहीस' हा माझा गैरसमज. नुसत्या 'मी'-'मला'नं खऱ्याचं खोटं होतं. इंग्रजीत 'रिअलाइज'मागचं वाक्य खरंच धरलं जातं. खोट्यासाठी 'थिंक' असं वेगळं क्रियापद घ्यावं लागतं.

ओसरी
'आय वॉज लाइक'साठी नवं काही शोधू नका. त्या रचनेची खुबी अशी की पुढचे शब्द तोंडातून निघाले की मनातच राहिले, ते सांगावं लागत नाही. अमेरिकी इंग्रजीत तिची नोंद १९८२मध्ये झाली. मराठीत तेच काम कर्ता गाळलेलं 'म्हटलं' किती काळापासून करतंय : 'म्हटलं, बघू तर खरं.' बोलली की मनात म्हणाली? दोन्ही. यात 'की'सुद्धा नाही, स्वल्पविरामावर भागतं. भावनाच असेल तर 'मला झालं, कधी एकदा घरी जाते'. 'मी अशी होते की' हे इंग्रजीवर मराठी कपडे चढवणं आहे.

पागोळी
हे पटलं. आणि 'टर्न्स आउट' आलं तर 'निघाला' : 'लग्न झालेला निघाला!' ऐकीव असेल तर 'म्हणे'.

खाडीकाठ
मालिकेतली बाई मुंबईची वाटावी असं असेल तर 'तो बोललाच नव्हता' का नको? काही अक्षरं वाचतील.

पागोळी
'बोलणे'ला मजकूर लागत नाही. 'तो बोलला' म्हणजे तोंड उघडलं. 'मला बोलला' म्हणजे रागावला. 'तो बोलला की येतो' ही हिंदीची छाया आहे.

खाडीकाठ
हिंदीत तरी ते प्रमाण कुठे आहे? तिथे 'कहा'. मुंबईत आणि कोकणपट्टीत 'मी त्याला बोललो, थांब' असं घराघरांत चालतं, त्याला चूक कसं म्हणायचं? रचनेतही वावगं काही नाही. 'तो म्हणाला', 'तो बोलला', दोन्हीकडे कर्ता प्रथमेत. 'ने' मागतं ते 'सांगणे' : 'त्याने सांगितलं'.

पागोळी
मग 'त्याने म्हटलं' कुठून आलं? एकाच 'म्हणणे'ची दोन भूतकाळी रूपं आहेत : 'म्हणाला'ला 'तो' लागतो, 'म्हटलं'ला 'त्याने'. 'बोलणे'ला अशी दुसरी वाट नाही, 'त्याने बोललं' कुणी म्हणत नाही. म्हणून म्हणते, ही दोन क्रियापदं एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

खाडीकाठ
'त्याने बोललं' म्हणणारी मुलं आता आहेत. उद्या स्वतंत्र धागा काढतो.