प्रति: ल्युसिया हॅरिसवरचा माहितीपट

अमेरिकन बास्केटबॉलपटू ल्युसिया हॅरिसवरच्या माहितीपटाबद्दल कोणीतरी म्हटलंय की आजच्या खेळाडू जास्त गुण करतात, म्हणून हॅरिसचे आकडे फार मोठे वाटत नाहीत. ही तुलना मला पटत नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये (महिला बास्केटबॉलचं पहिलंच ऑलिंपिक, पहिली बास्केट तिचीच) तीन गुणांची रेषाच (जिच्या बाहेरून मारलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) नव्हती. ऑलिंपिकमध्ये ती १९८८ ला आली. म्हणजे मैदानातून केलेली प्रत्येक बास्केट दोनाचीच. बाहेरून मारून फायदा नाही, त्यामुळे बचाव करणाऱ्या सगळ्या जणी बास्केटखालीच दाटी करायच्या. सव्वासहा फुटांची हॅरिस खेळायची नेमकी तिथेच, दोघी-तिघींच्या गराड्यात.

आणि चेंडू! माहितीपटात जुनी दृश्यं बघताना हे पटकन लक्षात येत नाही, पण तिच्या हातात पुरुषांचाच ७ नंबरचा चेंडू आहे, साडेएकोणतीस इंच परिघाचा. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींसाठी इंचभर लहान, ६ नंबरचा चेंडू १९८४-८५ च्या हंगामात आला, तेव्हा तिचं कॉलेज संपून सात वर्षं झाली होती. इंचभराने काय होतं असं वाटत असेल तर नागपाड्याच्या कोर्टवर दोन्ही एका हाताने पकडून बघा. ७ नंबर लहान पंजात नीट बसत नाही, मग रिबाउंड (शॉट हुकून परत येणारा चेंडू) एका हाताने खेचताना निसटतो आणि शॉट मारताना मनगटाऐवजी खांद्याने ढकलला जातो.

एनबीएच्या (अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या) निवडीबद्दल इतकंच: १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने खेळाडू निवडण्याच्या सातव्या फेरीत तिला निवडलं होतं. तिनेच नाही म्हटलं.